काळ्या पडद्यावरचा लाल खडू



संगणकाच्या लॅबमध्ये पहिल्यांदा काळा पडदा उघडला की बहुतेक मुलांचे चेहरे पडतात. चित्र नाही, बटण नाही, माउसला काही काम नाही. नुसती पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. मी तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या मुलांना संगणक शिकवते. या काळ्या पडद्याशी, म्हणजे टर्मिनलशी, मुलांची दोस्ती नेमकी कधी होते ते मला आता पाठ झालं आहे. ज्या दिवशी त्यांच्या प्रोग्राममधून पहिलं लाल अक्षर उमटतं, त्या दिवशी. "मॅडम, रंग आला!" अशी आरोळी येते आणि शेजारच्या चार टेबलांवरची मुलं उठून तिकडे जातात.

आज त्या लाल अक्षराबद्दलच लिहायचं आहे.

मुलांची पहिली समजूत अशी असते की रंग हा अक्षराचा असतो. वर्डमध्ये आपण शब्द निवडतो, लाल करतो, तो लाल होतो. शेजारचा शब्द काळाच राहतो. टर्मिनलचं असं नाही. टर्मिनल म्हणजे फळ्यापाशी उभा असलेला, कमालीचा आज्ञाधारक माणूस. त्याला सांगितलं, "लाल खडू घे," की तो लाल खडू घेतो. त्यानंतर तुम्ही जे जे पाठवाल ते तो लाल खडूनेच लिहितो. तुमचा शब्द संपला, ओळ संपली, अगदी तुमचा प्रोग्राम संपला, तरी खडू त्याच्या हातातच. ठेव म्हणून कोणी सांगितलेलं नसतं ना! म्हणून पहिल्या आनंदाच्या आरोळीनंतर दोन मिनिटांत दुसरी हाक येते, "मॅडम, आता सगळंच लाल यायला लागलंय."

हा खडू घ्यायला सांगायचं कसं, तेही बघा. संगणकाच्या अक्षरमालेत २७ क्रमांकाचं एक अक्षर आहे, त्याचं नाव एस्केप. ते पडद्यावर उमटत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पुढे येतंय ते लिहू नकोस, ती सूचना आहे. त्याच्यामागे एक डावा चौकोनी कंस, मग आकडा, आणि शेवटी लहान एम. आकडा १ असेल तर अक्षर ठळक, ४ असेल तर अधोरेखित, ५ असेल तर लुकलुकणारं, ७ असेल तर उलट, म्हणजे अक्षराचा रंग मागे आणि मागचा रंग अक्षराला. ३० ते ३७ हे अक्षराचे रंग, ४० ते ४७ हे पाठीमागचे. दोन-तीन आकडे एकदम द्यायचे असतील तर मध्ये अर्धविराम. आणि ० म्हणजे सगळे खडू खाली ठेव, हात झटक, पहिल्यासारखा उभा राहा. पहिल्या प्रॅक्टिकलला माझा एवढाच आग्रह असतो: आधी शून्य लिहा, मग त्याच्या अलीकडे रंग लिहा. कंस उघडण्याआधी कंस बंद करायची ही सवय काही मुलांना विनोदी वाटते. वाटू दे.

हे सगळं आलं कुठून? पडद्याच्याही आधीपासून. टर्मिनलचा पूर्वज म्हणजे टेलिटाइप यंत्र. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ पुढे अनेक संगणकांना जोडलं गेलं. त्याला पडदा नव्हता, कागदाचं रीळ होतं. कागदावर ठळक अक्षर कसं काढणार? ज्यांनी आपल्याकडे टायपिंगची परीक्षा दिली आहे त्यांना उत्तर सांगायला नको. मागे या आणि त्याच अक्षरावर पुन्हा ठोका. अधोरेखित करायचं असेल तर मागे या आणि खालची रेघ ठोका. गंमत म्हणजे लिनक्सवर पानं वाचायचा 'लेस' नावाचा प्रोग्राम आजही "अक्षर, मागे, तेच अक्षर" असा क्रम दिसला की मुकाट्याने ते अक्षर ठळक दाखवतो. कागदावरचे ते दोन ठोके अजून जिवंत आहेत!

पडदे आले तसे प्रत्येक कंपनीने स्वतःचे संकेत काढले. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी१०० हे टर्मिनल आणलं: ८० अक्षरांच्या २४ ओळी. एस्केप आणि चौकोनी कंसाची नुकतीच प्रमाण झालेली पद्धत त्याने उचलली, ते भरपूर खपलं, आणि बाकीच्यांना त्याची नक्कल करणं भाग पडलं. त्यात रंग नव्हते. ठळक, अधोरेखित, लुकलुक आणि उलट एवढंच, आणि तेही वेगळं कार्ड घालून. ते कार्ड नसेल तर अधोरेखित किंवा उलट यांपैकी एकच काहीतरी मिळे. आज तुमच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी आतून या व्हीटी१०० चंच सोंग घेत असते.

आता रंगांचा हिशोब. हा मला मनापासून आवडतो, कारण पाठ करायला काहीच नाही. लाल १, हिरवा २, निळा ४. बाकी सगळी बेरीज. लाल आणि हिरवा मिळून ३, तो पिवळा. लाल आणि निळा ५, तो किरमिजी. हिरवा आणि निळा ६, तो मोरपंखी. तिन्ही मिळून ७, पांढरा; काहीच नाही तर ०, काळा. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, लाल आणि हिरवा मिसळला तर चिखल होतो, पिवळा कसा?" तो रंगपेटीत होतो. इथे प्रकाश मिसळतोय. एका बॅटरीवर लाल जिलेटिन कागद, दुसरीवर हिरवा, आणि दोन्ही झोत पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडा. शंका फिटते.

याच्यात एक खड्डा आहे, आणि आपल्याकडची मुलं त्यात हमखास पडायची. कारण टर्बो सी. बोर्लंड कंपनीचा हा १९८७ सालचा प्रोग्राम महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी इतकी वर्षे वापरला की बापाने आणि मुलाने एकाच निळ्या पडद्यावर सी शिकल्याची उदाहरणं माझ्या वर्गात आहेत. टर्बो सी मध्ये रंग देण्याची रीत अगदी वेगळी होती. तिथे एस्केप नाही की कंस नाही. आयबीएम पीसीच्या स्मृतीत पडद्यावरच्या प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट असत, एक अक्षराचा, दुसरा त्याच्या रूपाचा. म्हणजे तिथे रंग खरोखरच त्या अक्षराच्या शेजारी राहत होता. ८० गुणिले २५ म्हणजे २००० अक्षरं, ४००० बाइट. रूपाच्या बाइटमधले चार बिट अक्षराच्या रंगाचे, तीन मागच्या रंगाचे, आणि शेवटचा लुकलुकण्याचा. पण आकडे उलटे होते. तिथे निळा १ आणि लाल ४! टर्बो सी वरून लिनक्सवर आलेला मुलगा मोठ्या विश्वासाने ३४ लिहितो, आणि लालच्या ऐवजी काळ्यावर गडद निळं, वाचताच न येणारं अक्षर उमटतं. मग तो मॉनिटरची वायर हलवून बघतो.

टर्बो सी मधली दुसरी खोड जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. 'टेक्स्टकलर' लिहिलं तरी 'प्रिंटएफ' ने लिहिलेलं साधंच येई. रंगासाठी 'सीप्रिंटएफ' लागे. आणि त्यात नुसती नवी ओळ दिली तर कर्सर खाली जाई पण डावीकडे येत नसे, त्यामुळे सगळं आउटपुट जिन्यासारखं उतरत जाई. व्हायवाला हा प्रश्न ठरलेला असे. असो.

हे झालं खडूचं. आता तो खडू समोर फळा नसताना चालवला तर काय होतं, ते ऐका.

एका वर्षी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी सराव चाचणीच्या निकालाचा प्रोग्राम केला. पास झालेल्यांची नावं हिरवी, नापास झालेल्यांची लाल. पडद्यावर छान दिसत होतं. मग त्यांनीच हौसेने ते आउटपुट एका फाइलमध्ये वळवलं, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, स्टँडजवळच्या दुकानातून छापून आणली आणि वर्गाच्या फलकावर लावली. फाइलला कुठला खडू? तिने सूचनासुद्धा अक्षरं म्हणूनच जपून ठेवल्या. एस्केपच्या जागी छोटी रिकामी चौकट, आणि तिच्यापुढे कंस, आकडा, एम. म्हणजे पास झालेल्या प्रत्येकाच्या नावाआधी ३२ आणि नापास झालेल्या प्रत्येकाच्या नावाआधी ३१.

दुसऱ्या दिवशी कामासाठी कॉलेजात आलेल्या एका पालकांनी तो कागद वाचला आणि थेट माझ्याकडे आले. गृहस्थ शेतकरी, बोलायला अदबशीर. म्हणाले, "बाई, एका मार्कासाठी पोराला नापास केलं व्हय? बाकी समद्यांना बत्तीस आन् ह्यालाच एकतीस?" मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि आकड्यांचा उलगडा केला. खरे गुण पुढच्या रकान्यात होते, आणि ते काही एका मार्काने कमी नव्हते, हेही सांगावं लागलं. ते हसले, पण फार नाही. मुलांचा कागद तासाभरात उतरला.

यावर उपाय जुनाच आहे आणि नीट लिहिलेले प्रोग्राम तो करतात. लिहिण्याआधी ते विचारतात, पलीकडे कोण आहे? सी मध्ये त्यासाठी 'इझ-ए-टीटीवाय' नावाचं फंक्शन आहे. टीटीवाय म्हणजे आपलं तेच टेलिटाइप. यंत्र गेलं, नाव राहिलं. पलीकडे टर्मिनल असेल तर रंग पाठवायचे, फाइल किंवा दुसरा प्रोग्राम असेल तर साधी अक्षरं. म्हणूनच 'एलएस' कमांड पडद्यावर फोल्डर रंगात दाखवते, पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की स्वच्छ येतं. त्या मुलांनी प्रोग्राममध्ये ही एक अट घातली आणि त्यांचा प्रश्न मिटला.

माझा मिटला नाही. त्याच गटात एक मुलगा होता, हुशार, पण मागच्या बाकावर बसणारा. सुधारलेला प्रोग्राम तपासताना मी त्याला म्हटलं, "वाच बरं, नापास किती?" तो पडद्याकडे बघत राहिला. मग शेजारच्याने हळूच "सात" म्हटल्यावर हा "सात" म्हणाला. मी जरा वेळाने त्याला एकट्याला विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मला दोन्ही सारखीच दिसतात. मातकट. एक जरा जास्त अंधूक." आणि मग, जणू स्वतःचाच काही गुन्हा असल्यासारखं, "मिरच्या तोडायला आई मला नेत नाही. लाल-हिरव्या एकत्र करतो म्हणून."

लाल-हिरवा रंगांधळेपणा बहुतेक वेळा आईकडून येतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीला दोन एक्स असल्याने एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाला एकच, त्यामुळे सांभाळायला कोणी नाही. म्हणून घरात असा मुलगा असेल तर मामाकडे चौकशी करावी. मी केली. "मामा पण तसाच आहे," तो म्हणाला. "सगळे हसतात त्याला, टोमॅटो कच्चे आणतो म्हणून." मामाला आणि भाच्याला दोघांनाही याचं काही नाव असतं हे माहीत नव्हतं. रेल्वेत इंजिन चालवायला भरती करताना डोळ्यांची ही तपासणी होते, आणि या मुलाच्या डोक्यात रेल्वेच होती. ते त्याला त्या दिवशी सांगणं मला जड गेलं, पण चार वर्षे तयारी करून वैद्यकीय तपासणीत कळण्यापेक्षा बरं.

मग त्याने विचारलेला प्रश्न मात्र विषयाला धरून होता. "मॅडम, लाल म्हणजे नापास हे पडद्यावर दुसरीकडे कुठे लिहिलंय का?" नव्हतं लिहिलेलं. अक्षरं तीच, नावं तीच. पास की नापास ही बातमी फक्त खडूच्या रंगात होती. ज्याला रंग दिसत नाही त्याला बातमीच नाही. फाइललाही नाही, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरलाही नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर विसंबलेल्या अंध विद्यार्थ्यालाही नाही.

पुढचा आठवडा तो प्रोग्राम त्याच्या ताब्यात दिला. त्याने नापास झालेल्याच्या ओळीत 'नापास' हा शब्दच लिहिला, सुरुवातीला एक तारा टाकला, आणि रंगाऐवजी ७ वापरला, उलट. काळ्यावर पांढऱ्या ओळींमध्ये एक पांढऱ्यावर काळी ओळ. "मला उलटं चालतं," तो म्हणाला. लाल-हिरवं त्याने काढून टाकलं नाही, बाकीच्यांना आवडतं म्हणून राहू दिलं. आणि जाता जाता मला एक गोष्ट सांगितली जी कुठल्या पुस्तकात मी वाचली नव्हती. टर्बो सी च्या निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं, जिला सगळी पोरं नावं ठेवतात ती रंगसंगती, त्याला सगळ्यात स्वच्छ दिसायची. निळा आणि पिवळा हा फरक त्याच्या डोळ्यांना पुरेपूर कळत होता.

रंगाने मजकूर वेगळा काढायची हौस संगणकाने आणलेली नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत दंड, शीर्षकं, 'उवाच' असे शब्द लाल केलेले दिसतात, कधी हिंगुळाने, कधी गेरूने. आणि चुकलेली अक्षरं झाकायला पिवळा हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. टर्मिनलच्या सूचनांमध्येही ८ आकड्याला अक्षर लपवायचं काम दिलेलं आहे, म्हणजे हरताळच. पण पोथीतला हिंगूळ पुसला गेला तरी 'उवाच' हा शब्द उरतो. आमच्या निकालातला रंग गेल्यावर काही उरत नव्हतं.

देवनागरीचं गाऱ्हाणं वेगळंच आहे. हे सगळे गुणधर्म रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ठरले. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा आधीच आहे. खाली ४ आकड्याची रेघ मारली की ती कु, कृ, द्रु यांच्या पायातून आरपार जाते आणि उकार वाचताच येत नाही. लहान आकारात ठळक केलं की ष आणि फ यांची पोटं बुजतात. आमच्या मुलांना म्हणूनच मी सांगते, मराठी मजकुराला अधोरेखित नको, उलट वापरा.

पण आपल्या लोकांनी यावर विचार केलाच नव्हता असं नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट तंत्रज्ञान डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दाखवत होतं. १९९१ साली प्रमाण झालेल्या इस्की या भारतीय संकेतमालेत २३९ क्रमांकाचा एक खास संकेत आहे. त्याच्यामागे आणखी एक बाइट दिला की पुढचं अक्षर ठळक होतं किंवा लिपीच बदलते, देवनागरीची बंगाली. आणि त्यात मला फार आवडलेला एक नियम आहे: हा बदल पुढचा तसाच संकेत येईपर्यंत किंवा ओळ संपेपर्यंतच टिकतो. ओळ संपली की खडू आपोआप खाली. आमच्या लॅबमधल्या अर्ध्या आरोळ्या वाचल्या असत्या.

मोठे प्रोग्राम लिहायला लागलात की हे आकडे हाताने लिहायचे नाहीत. बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' नावाची लायब्ररी लिहिली, तिची 'एनकर्सेस' ही आजची आवृत्ती लिनक्सवर मिळते. त्यात 'अॅटरऑन' आणि 'अॅटरऑफ' अशी जोडी आहे, एक गुण चालू करायला आणि एक बंद करायला. समोरचं टर्मिनल कुठल्या जातीचं आहे आणि त्याला कोणता संकेत कळतो, ते ती स्वतः बघते. आजच्या टर्मिनलला आठच काय, २५६ रंग येतात, पुष्कळांना तर दीड कोटीच्या वर. मला आठ पुरतात. आणि ५ आकडा, लुकलुकणारा, तो तर कोणी वापरूच नये असं माझं मत आहे. वर्गात सतत हात वर करून "मॅडम, मॅडम" करणाऱ्या मुलासारखा तो दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही.

पुढच्या तासापर्यंत एवढं करून या. टर्मिनल उघडा, ३१ ची सूचना पाठवा आणि शून्य मुद्दाम देऊ नका. सगळं लाल होईल. मग ३० आणि ४० एकदम पाठवा: काळ्यावर काळं, काहीच दिसणार नाही. घाबरू नका, खिडकी बंद करू नका. न बघता 'रीसेट' ही कमांड टाइप करा, तिचं इंग्रजी स्पेलिंग पाच अक्षरांचं, आणि एंटर दाबा. आणि तुमचा मागच्या महिन्यातला निकालाचा प्रोग्राम घेऊन या, पण यावेळी तो फाइलमध्ये वळवून, दुकानातून काळ्या शाईत छापून.